पिवळे दिवे

रात्रीचे आठ वाजून गेले होते. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, कंट्रोल रूममध्ये मी एकटाच होतो. समोर फायर अँड गॅसचं पॅनेल, जुन्या पद्धतीचं, छोट्या दिव्यांच्या रांगांचं. लाल म्हणजे आग किंवा गॅस. पिवळा म्हणजे इनहिबिट. डिटेक्टर जागा आहे, पण तो ओरडला तरी त्याचं ऐकायचं नाही असं आपणच ठरवलेलं आहे, एवढाच त्या पिवळ्या दिव्याचा अर्थ. प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग चालू असलं की आसपासचे फ्लेम डिटेक्टर असे इनहिबिट करावेच लागतात. नाहीतर वेल्डिंगचा झगझगाट त्यांना ज्वाळेसारखाच दिसतो आणि सगळा प्लॅटफॉर्म शटडाउन होतो. काम संपलं की ते परत चालू करायचे.

त्या रात्री कॉम्प्रेसर डेकचे पाच पिवळे दिवे ओळीने लागलेले होते. माझी शिफ्ट सहाला सुरू झाली होती. लॉग भरायला म्हणून मी बंद झालेल्या परमिटांची, म्हणजे कामाच्या लेखी परवानग्यांची, फाइल उघडली, तर वेल्डिंगचं परमिट दुपारी साडेतीनलाच बंद झालेलं. सह्या होत्या, वेळ होती, सगळं नीटनेटकं होतं. मी मान वर करून पॅनेलकडे पाहिलं. पाच पिवळे दिवे. म्हणजे दुपारपासून, साडेचार तास, तो डेक आंधळा होता. त्यातले शेवटचे दोन तास मी त्या दिव्यांसमोर खुर्चीत बसलेलो होतो, डोळे उघडे ठेवून.

एकेक डिटेक्टर चालू केला. फील्ड ऑपरेटरला फोन करून कॉम्प्रेसर डेकवर चक्कर मारायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी त्याचा फोन आला, सगळं ठीक आहे. काहीच झालेलं नव्हतं.

ही गोष्ट आज सांगतोय त्याला कारण एक फोन. ओळखीतल्या एका गृहस्थांच्या मुलाला ऑफशोअरची नोकरी लागली आहे. वडिलांनी फोन करून विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं काढलीत तिथे. आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही ना? सुरक्षित झालंय ना सगळं?" मी म्हणालो, "हो, पुष्कळ सुधारलंय. खुशाल पाठवा." फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. एका बापाला इतक्या घाईत उत्तर द्यायला नको होतं. जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय.

पुष्कळ सुधारलंय हे खरंच आहे. मला तर प्लॅटफॉर्मवर चालताना जागोजागी सालं दिसतात. बंकखाली घडी करून ठेवलेला इमर्शन सूट, थंड पाण्यात तग धरायचा, दिसला की १९८२. पाइपलाइन जिथे समुद्रातून वर चढते त्या रायझरवरचा शटडाउन व्हॉल्व्ह दिसला की १९८८. एखाद्या किरकोळ ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर वाकून बसलेला इन्स्पेक्टर दिसला की १९८०. रायझरभोवतीचं जाड पाइपांचं संरक्षक कुंपण दिसलं की २००५. नवीन मुलांना या वस्तू नेहमीच्याच वाटतात, आणि त्यांना तसं वाटणं चांगलंच आहे. पण यातली एकही वस्तू पहिल्यापासून तिथे नव्हती, किंवा असली तरी तिच्याकडे कुणी असं बघत नव्हतं.

१९८० चं सांगतो. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात अलेक्झांडर किएलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म होता, कामगारांच्या राहण्यासाठी वापरला जाणारा. २७ मार्चच्या संध्याकाळी त्यावर २१२ माणसं होती. काही जेवणघरात, काही सिनेमा बघत बसलेली. वारा जोरात होता, पण त्या समुद्राला तसला वारा नवा नाही. एक आडवा आधार तुटला, त्यामागोमाग बाकीचे तुटले, पाच पायांपैकी एक पाय निखळून गेला आणि थोड्या वेळात सगळा प्लॅटफॉर्म उलटला. १२३ माणसं गेली. चौकशीत कारण सापडलं ते सहा मिलिमीटरच्या एका वेल्डिंगमध्ये. त्या आधारावर हायड्रोफोन नावाचं एक ऐकण्याचं यंत्र बसवायला छोटी बैठक जोडली होती. तिच्यावर कसलाच भार येणार नव्हता, म्हणून तिचं वेल्डिंग कुणी फार मनावर घेतलं नाही. तिथून भेग निघाली आणि लाटेगणिक वाढत गेली. भेगेच्या आतल्या पृष्ठभागावर रंग सापडला. म्हणजे प्लॅटफॉर्म रंगवला तेव्हाच ती भेग तिथे होती. रंगाचा ब्रश तिच्यावरून फिरला होता.

तो रंग माझ्या डोक्यातून जात नाही. कुणीतरी हातात ब्रश घेऊन त्या जागेपासून फूटभर अंतरावर उभा होता.

दोन वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९८२ ला, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ ओशन रेंजर ही तेलाची रिग बुडाली. ८४ जण होते, एकही वाचला नाही. एका लाटेने बॅलास्ट कंट्रोल रूमची काच फुटली, खारं पाणी पॅनेलमध्ये शिरलं, आणि रिग तोलून धरणाऱ्या टाक्यांचे व्हॉल्व्ह नीट हाताळायचं पुरेसं शिक्षण तिथल्या माणसांना मिळालेलं नव्हतं. एक लाइफबोट मदतीच्या जहाजापर्यंत पोचली होती, पण माणसं एका बाजूला आली आणि ती तिथेच उलटली. गोठवणाऱ्या पाण्यात तग धरायला सूट कुणाकडेच नव्हते. बंकखालचा सूट त्यानंतरचा.

आणि मग पायपर अल्फा. त्या रात्रीविषयी मी इतकं वाचलंय की कधीकधी वाटतं मी तिथे होतो. नव्हतो. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि उत्तर समुद्र नकाशात कुठे आहे तेही मला सांगता आलं नसतं. पण ज्याने कधी संध्याकाळी सहाला शिफ्ट घेतली आहे, त्याला पायपर अल्फा परकं वाटूच शकत नाही, कारण ती गोष्ट सुरू होते शिफ्टच्या बदलीपासून.

६ जुलै १९८८. ॲबरडीनपासून साधारण १९० किलोमीटरवर, समुद्रात. प्लॅटफॉर्मवर २२६ माणसं. तिथे कंडेन्सेट, म्हणजे गॅसमधून वेगळं होणारं पातळ तेल, पुढे ढकलायचे दोन पंप होते, ए आणि बी. दिवसा ए पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता. काम संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही, म्हणून उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज म्हणजे लोखंडी झाकण बसवून ठेवलं. ते गळणार नाही इतकं आवळलेलं नव्हतं, कारण ए पंप कुणी चालू करणार नव्हतं. या कामाचं एक परमिट होतं. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचं दुसरं, वेगळं परमिट होतं, आणि ती दुरुस्ती अजून सुरू व्हायची होती. सहा वाजता शिफ्ट बदलली. व्हॉल्व्ह काढलेला आहे हे रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचलं नाही.

पावणेदहाच्या सुमाराला बी पंप बंद पडला. तो पुन्हा सुरू होईना. कंडेन्सेट साचत राहिलं तर सगळ्या प्लॅटफॉर्मची वीज जाणार. अशा वेळी कंट्रोल रूममध्ये काय वातावरण असतं ते मला माहीत आहे. फोन वाजत असतात, अलार्म एकावर एक येत असतात, आणि सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला असतो की दुसरा पंप घेता येईल का. त्यांनी कागद पाहिले. मोठ्या दुरुस्तीचं परमिट मिळालं आणि ते काम सुरूच झालेलं नाही असं दिसलं. म्हणजे पंप धड आहे. व्हॉल्व्हचं परमिट त्यांच्या समोर आलंच नाही. काढलेला व्हॉल्व्ह पंपापासून दूर, वरच्या बाजूला, यंत्रांच्या गर्दीत होता. खाली पंपाशी उभ्या असलेल्या माणसाला तो दिसण्यासारखा नव्हता. त्यांनी ए पंप चालू केला.

दहा वाजता पहिला स्फोट झाला. कंट्रोल रूम निकामी झाली, त्यामुळे लाउडस्पीकरवरून सूचना द्यायलाही कुणी उरलं नाही. भिंती आग अडवायला बांधल्या होत्या, स्फोट झेलायला बांधलेल्या नव्हत्या. आग विझवायचे पंप हाताने चालू करायच्या स्थितीत ठेवलेले होते, कारण पाणबुडे कामावर असले की त्या पंपांच्या ओढीत ते सापडू नयेत म्हणून तसं करायची तिथे पद्धत होती. आणि त्या पंपांपर्यंत आता कुणी पोचू शकत नव्हतं. शेजारचे दोन प्लॅटफॉर्म, टार्टन आणि क्लेमोर, याच पाइपांच्या जाळ्याने पायपरला जोडलेले होते. तिथून आग दिसत होती, तरी त्यांचं उत्पादन चालूच राहिलं. वीसेक मिनिटांनी टार्टनकडून येणारी गॅसची पाइपलाइन फुटली, आणि त्यानंतर वाचवण्यासारखं फारसं उरलं नाही.

शिकवल्याप्रमाणे पुष्कळ जण राहण्याच्या ब्लॉकमध्ये जमले आणि हेलिकॉप्टरची वाट बघत राहिले. हेलिकॉप्टर उतरूच शकत नव्हतं. तिथे धुराने गुदमरून सर्वांत जास्त माणसं गेली. जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांनी सूचनेची वाट पाहिली नाही. ते दोराने खाली उतरले, किंवा उंचावरून समुद्रात उड्या मारल्या. प्लॅटफॉर्मवरची १६५ माणसं आणि त्यांना वाचवायला गेलेल्या बोटीवरचे दोघे, असे १६७ जण गेले. ६१ वाचले.

स्कॉटलंडचे न्यायाधीश लॉर्ड कलन यांनी चौकशी केली. १९९० मध्ये अहवाल आला, त्यात १०६ शिफारशी होत्या आणि त्या सगळ्या मान्य झाल्या. माझ्या दृष्टीने त्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्या व्हॉल्व्हची किंवा भिंतीची नव्हती. आधी सरकारी इन्स्पेक्टर यादी घेऊन यायचा, यादीतल्या गोष्टी आहेत की नाहीत ते बघायचा, आणि त्या असल्या की झालं. कलन यांनी ते ओझं उलट्या खांद्यावर टाकलं. तुमच्या प्लॅटफॉर्मवर काय काय होऊ शकतं ते तुम्हीच शोधा, ते होऊ नये म्हणून काय केलंय ते तुम्हीच लिहा, आणि आम्हाला पटवून द्या. त्याला सेफ्टी केस म्हणतात. शिवाय ज्या खात्याने तेल काढायला उत्तेजन द्यायचं, त्याच खात्याकडे सुरक्षिततेची देखरेख नको, असंही त्यांनी सांगितलं. हे साधं शहाणपण समजायला अमेरिकेला २०१० पर्यंत थांबावं लागलं.

सेफ्टी केस आली, तात्पुरत्या आसऱ्याच्या जागा आल्या, रायझरवर आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह आले. गळतीची नोंद करणं भाग पडलं, आणि उत्तर समुद्रात मोठ्या गळत्यांची संख्या पुढच्या वर्षांत खूप खाली आली. हे आकडे खरे आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. २५ मार्च २०१२ ला त्याच समुद्रात एल्गिन प्लॅटफॉर्मवर विहिरीतून गॅस सुटला. वाईट गळती होती, आठवडे चालली. पण प्लॅटफॉर्मवरची २३८ माणसं सुखरूप बाहेर काढली गेली, कुणाला इजा झाली नाही. न झालेल्या गोष्टीची बातमी मोठी होत नाही, म्हणून एल्गिनचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. मुलाच्या वडिलांना मी एल्गिनची गोष्ट सांगायला हवी होती.

पण मग त्यांना मुंबई हायचीही सांगायला हवी होती.

२७ जुलै २००५. मुंबई बुडाली त्याचा दुसरा दिवस. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ काम करणाऱ्या समुद्र सुरक्षा या जहाजावर एका आचाऱ्याची बोटं कापली. हवा खराब होती, हेलिकॉप्टरं उडत नव्हती. म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. यात कुणाचीही बुद्धी वाईट नव्हती. एका जखमी माणसाला लवकर उपचार मिळावेत एवढंच सगळ्यांना हवं होतं. आडोशाच्या बाजूची क्रेन चालत नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने आणलं. जखमीला वर घेतलंही. मग जहाज लाटेवर उचललं जाऊन प्लॅटफॉर्मवर आलं, त्याचं हेलिडेक गॅसच्या रायझरवर आदळलं आणि आग लागली. दोन तासांत तो सगळा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली, ३६२ जणांना वाचवण्यात आलं. जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद चेंबरमध्ये होते. खोल पाण्याच्या दाबाला शरीर सरावलेलं असताना त्यांना असं एकदम बाहेर काढता येत नाही. बाहेर जहाज पेटलेलं आणि ते आत. छत्तीस तासांनी त्यांना सोडवलं.

मी त्या वेळी दुसरीकडे कामावर होतो. बातमी आली तेव्हा आमच्या कंट्रोल रूममध्ये कुणी बोलत नव्हतं. मग एकाने हळूच विचारलं, "आपली आडोशाची क्रेन चालू आहे ना?" आमचीही एक क्रेन तीन आठवडे बंद होती. स्पेअर पार्ट यायचा होता. त्याआधी तीन आठवड्यांत कुणालाही ती क्रेन म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न वाटली नव्हती. सामान चढवायला उशीर होतो, एवढीच तिची तक्रार होती.

भारतात त्यानंतर २००८ मध्ये ऑफशोअर सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम झाले. सालं बघा: १९८८ ला उत्तर समुद्राने जे शिकलं ते इथे कागदावर यायला वीस वर्षं गेली. एका समुद्रातला धडा दुसऱ्या समुद्रात पोचायला इतका वेळ का लागतो, हे मला अजून समजलेलं नाही. ऑगस्ट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिमोर समुद्रात मोंटारा विहीर फुटली. तळाच्या सिमेंटवर भरवसा ठेवला होता आणि ते नीट बसलेलंच नव्हतं. ६९ माणसं सुखरूप निघाली, म्हणून जगाने फार लक्ष दिलं नाही. आठ महिन्यांनी मेक्सिकोच्या आखातात पुन्हा तळाचंच सिमेंट दगा देऊन गेलं. त्या रिगचं नाव डीपवॉटर होरायझन.

या रिगवर मी जरा थांबतो. २० एप्रिल २०१० ला तिथे किनाऱ्यावरून वरिष्ठ मंडळी आली होती. त्या रिगने सात वर्षांत एकही असा अपघात होऊ दिला नव्हता ज्यात माणसाची रजा पडावी. त्याचं कौतुक करणं हाही त्या भेटीचा भाग होता. आणि ते कौतुक रास्त होतं. तिथली माणसं जिन्यावर कठडा धरून चालत असणार, हातमोजे घालत असणार, वजन उचलताना पाठ सांभाळत असणार. त्याच संध्याकाळी विहिरीची दाबाची चाचणी घेतली. विहीर बंद असेल तर दाब शून्य दिसायला हवा. किल लाइनवर, म्हणजे विहिरीला जोडलेल्या बाजूच्या नळीवर, शून्य दिसला. विहिरीत उतरलेल्या ड्रिल पाइपवर मात्र १४०० पीएसआय दाब दिसत होता. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेले. आकडा सगळ्यांसमोर होता, त्यावर चर्चाही झाली, आणि त्याचं एक कारण काढलं गेलं. कारण पटलं, चाचणी पास झाली. रात्री पावणेदहाच्या आसपास विहीर उसळली. १२६ पैकी ११ माणसं गेली आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं.

१४०० हा आकडा बघणारी माणसं निष्काळजी होती असं मला कधीच वाटलं नाही. मी पाच पिवळ्या दिव्यांसमोर दोन तास बसलेला माणूस आहे. दिवे पिवळे आहेत हे मला दिसत होतं. वेल्डिंग चालू असणार, असं कारण माझ्या मनाने मला न विचारताच देऊन टाकलं होतं. कारण मिळालं की डोळे पुढे सरकतात.

आता त्या रात्रीचं उरलेलं सांगतो. मी निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, रिपोर्ट लिहिला. साडेचार तास पाच डिटेक्टर इनहिबिट, हँडओव्हरमध्ये उल्लेख नाही, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या, म्हणजे माझ्या, दोन तास लक्षात आलं नाही. सकाळी मला बोलावून विचारलं गेलं, "हे कशाला लिहिलंत? काही झालं तर नाही ना?" आवाजात राग नव्हता. खरोखरच कळत नव्हतं. जेवणघराच्या दारात एक फलक होता, अपघाताविना किती दिवस झाले त्याचा. तो आकडा सुंदर वाढत चालला होता. माझ्या पाच दिव्यांना त्या फलकावर जागा नव्हती. ते दिवे आणखी चार दिवस तसेच राहिले असते तर फलकावरचा आकडा चारने वाढला असता.

मी त्या माणसाला दोष देत नाही. आम्हा सगळ्यांनाच मोजायला जे सोपं तेच मोजायची सवय लावली गेली. पाय घसरणं मोजता येतं, बोट कापणं मोजता येतं. आणि ते कमी झालं, खूप कमी झालं. कपाला झाकण नसेल तर जिना चढायचा नाही, इथवर नियम आले, आणि त्या नियमांनी भाजणं वाचलं. पण कठडा धरून चालणाऱ्या माणसांच्या प्लॅटफॉर्मवर पाइप आतून गंजत असेल, तर कठड्याला त्याचं काय? २००४ ते २००७ या काळात ब्रिटिश नियामकांनी जवळपास शंभर ऑफशोअर ठिकाणं तपासली. आपत्ती रोखण्यासाठी बसवलेल्या यंत्रणांची देखभाल बऱ्याच ठिकाणी समाधानकारक नाही, असं त्यांना आढळलं. पायपर अल्फाच्या देशात, जिथे कलन यांच्या १०६ शिफारशी अंगी बाणल्या असं आपण मानतो, तिथलं हे चित्र होतं.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. सुधारणा आली ती आतून बाहेर आली. कंपनीच्या माणसापर्यंत आधी, कंत्राटी माणसापर्यंत सगळ्यात शेवटी. पायपर अल्फावर गेलेल्यांत बहुसंख्य कंत्राटदारांची माणसं होती. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय क्षेत्रात पी ३०५ हा राहण्याचा बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ वाचले. रंगारी, फिटर, वेल्डर, मदतनीस. तोवर प्लॅटफॉर्म पुष्कळ शहाणे झाले होते, वादळाची सूचनाही आधी मिळालेली होती. मी त्या दिवसांत मोबाइल हातात घेऊन बसलो होतो आणि आकडा बदलत होता. वेल्डर मदतनिसाला ओरडतो तो आवाज, रंगाऱ्यांचे रंगाने कडक झालेले कपडे वाळत घातलेली रेलिंग, हे सगळं माझ्या इतकं ओळखीचं होतं. तरुण मुलगा कंपनीत लागलाय की कंत्राटदाराकडे, हेही मी त्या वडिलांना विचारायला हवं होतं.

त्या साली मी प्लॅटफॉर्म सोडून एका प्रशिक्षण केंद्रात थोडे महिने शिकवत होतो. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर कसं निसटायचं त्याचा सराव तिथे होतो. हेलिकॉप्टरसारखा पिंजरा पाण्यात सोडतात आणि उलटा करतात. १९८६ मध्ये शेटलंडजवळ चिनूक हेलिकॉप्टर पडून ४५ माणसं गेली होती. प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टरने ये-जा करायची ही वाट पहिल्यापासून अवघड आहे. पाण्याखाली उलटं लटकलं की वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही, नाकात पाणी जातं आणि हात आपोआप पट्ट्याकडे जातो. पट्टा आधी सोडायचा नाही, हेच शिकवायचं असतं. एक हात खिडकीच्या कडेवर ठेवायचा, पिंजरा फिरायचा थांबेपर्यंत थांबायचं, आणि कड सापडली आहे याची खात्री झाल्यावर मगच पट्टा सोडायचा. एक मुलगा तीनदा घाबरून बाहेर आला. चौथ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले आणि नीट बाहेर आला. मी विचारलं, डोळे का मिटलेस? म्हणाला, "सर, डोळे उघडे असले की मी बघत बसतो, हाताचं ऐकत नाही."

पिवळ्या दिव्यांनंतर मीही हाताचीच एक सवय लावून घेतली होती. शिफ्ट घेतली की खुर्चीत बसायच्या आधी पॅनेलसमोर उभं राहायचं, प्रत्येक पिवळ्या दिव्यावर बोट ठेवायचं आणि जाणाऱ्या माणसाला विचारायचं, हा का? त्याने उत्तर दिल्याशिवाय बोट उचलायचं नाही. सुरुवातीला लोक वैतागायचे. चौदा दिवस राबून घरी निघालेल्या माणसाचं हेलिकॉप्टर उभं असतं, आणि हा बाबा बोट ठेवून उभा. नंतर सवय झाली. काही जण स्वतःच बोट ठेवून सांगायला लागले.

माझी शेवटची ट्रिप संपली त्या दिवशीचा हँडओव्हर मी एका तरुण ऑपरेटरला दिला. पॅनेल दाखवलं, परमिटं दाखवली, आयसोलेशनचे, म्हणजे कामासाठी बंद केलेल्या यंत्रांवरचे, टॅग प्रत्यक्ष फिरून दाखवले. सव्वा तास गेला. हेलिकॉप्टरमध्ये बसलो, वर उडालो, आणि अर्ध्या वाटेत आठवलं. सेलर डेकवर, म्हणजे खालच्या मजल्यावर, एका पंपाशेजारची पायाखालची लोखंडी जाळी सैल होती. क्लिप तुटली होती. पहाटेच्या फेरीत पायाखाली ती हलली तेव्हा मीच ठरवलं होतं की वर गेल्यावर लिहीन. आणि लिहिलं नव्हतं. खाली समुद्र होता त्या जाळीच्या. हेलिकॉप्टरच्या आवाजात कुणाला काही सांगायची सोय नव्हती. उरलेली पंचवीस मिनिटं मी ती जाळी बघत बसलो.

उतरल्या उतरल्या बेसवरून कंट्रोल रूमला फोन लावला. त्यानेच उचलला.

"अरे, सेलर डेकला एक जाळी..."

"ती पंपाजवळची ना सर? मी फेरी मारून आलो मघाशी. दोन्ही बाजूंनी टेप बांधलाय, परमिटही काढायला दिलंय. तुम्ही पोचलात का नीट?"